स्वर संपल्यावरची हवा

जॅझवादक बेन वेब्स्टरच्या सॅक्सोफोनमधून सुराच्या आधी हवा येते आणि सूर गेल्यावरही थोडी मागे रेंगाळते. आमच्या पुतण्याने ती ऐकून अस्सल भोपाळी अभिप्राय दिला होता : "काका, याची तर हवा लीक होतेय!"

गाणं होतं 'इट नेव्हर एन्टर्ड माय माइंड', तबकडी 'कोलमन हॉकिन्स एन्काउंटर्स बेन वेब्स्टर'. हॉलिवूडमध्ये 16 ऑक्टोबर 1957 रोजी ती मुद्रित झाली, तेव्हा हॉकिन्स 52 वर्षांचा आणि वेब्स्टर 48 चा. हे काही म्हातारपण नव्हे. पण 1959 साली तबकडी बाजारात आली आणि त्याच वर्षी माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'ही आली. तरुण मंडळी गाव सोडून केव्हाच पुढे निघून गेली होती. हे दोघे आपले स्विंगच्या ओसरीवर निवांत.

या मुद्रणाच्या वर्षभर आधी, 1 नोव्हेंबर 1956 ला, भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झालं आणि नागपूरहून फायलींबरोबर मराठी बिऱ्हाडंही इकडे आली. ती बिऱ्हाडं स्विंगला अगदीच अनोळखी होती, असं मी म्हणणार नाही. त्यांनी सी. रामचंद्र ऐकले होते ना! पुणतांब्याच्या या चितळकरांनी 1951च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याला हाताशी धरलं आणि भगवानदादांना नाचवलं. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मिकी कोरियाचा बँड ज्या तालावर बड्या लोकांना नाचवायचा, तो असा चार आण्यांच्या तिकिटात उतरला. नाव ठाऊक नसलं तरी मराठी पाय हलत होते.

हॉकिन्स आणि वेब्स्टर दोघेही मिझुरीचे. टेनर सॅक्सोफोनला स्वतंत्र गायकाचा मान मिळाला तो मुख्यतः हॉकिन्समुळे. त्याचं 1939चं 'बॉडी अँड सोल' ऐकावं. वेब्स्टरने सुरुवातीला त्याचाच कित्ता गिरवला. पुढे ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये जॉनी हॉजेसच्या सहवासात त्याची बोली मवाळ झाली. म्हणून इथली जुगलबंदी गमतीची आहे : थोरला स्वर भरत जातो, धाकटा काढून घेत जातो. 'ब्लूज फॉर योलांडे'मध्ये हॉकिन्स तर एका ठिकाणी चक्क किंचाळतो. पन्नाशीनंतर असं किंचाळायला धारिष्ट लागतं. वेब्स्टर त्यावर ताण करायला जात नाही. सवाल-जवाबाच्या नावाखाली आपल्याकडे शेवटी जी कुस्ती लागते, ती इथे कुठेच नाही.

हवेचं काय, हे समजून घ्यायला आम्हाला लांब जावं लागत नाही. देवास इथून दीडशे किलोमीटरवर. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेले कुमार गंधर्व तिथे राहिले, आणि त्यांच्या गाण्यात श्वास ही लपवायची गोष्ट उरली नाही. ताना आखूड झाल्या, मधल्या जागा बोलू लागल्या. वेब्स्टर चांगला धिप्पाड गडी. त्याच्यावर तशी सक्ती कसली? लोक त्याला 'ब्रूट' म्हणत, आणि जलद गाण्यांत तो गुरगुरायचाही. संथ गाण्यात मात्र त्याने ऐपत असून स्वर फुंकरीएवढा केला.

मागे साथीला पियानोवर ऑस्कर पीटरसन आहे. एरवी बोलघेवडा, इथे त्याने जीभ आवरली, याबद्दल मी त्याला जास्त गुण देतो. रे ब्राऊनचा बास मात्रेवर पाऊल टाकत चालतो. स्विंग म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी आधी त्याच्याकडेच बोट दाखवीन. सूर सरळ लिहिलेले असतात, पण वाजताना जोडीतला पहिला थोडा लांबतो, दुसरा आखडतो, आणि मान आपोआप डोलते.

तबकडीवरचं शेवटचं गाणं 'शाइन ऑन, हार्वेस्ट मून'. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं, लोकांच्या तोंडी पार झिजलेलं. नव्या जमान्याला तोंड द्यायला कुणी असलं हत्यार काढत नाही. या दोघांना कुणाला तोंड द्यायचं नव्हतंच. त्यांना ते वाजवायला मजा येत होती, आणि ती मजा पाच मिनिटंही पुरी न होता संपते, एवढीच माझी तक्रार.