कान्हेरीच्या कातळावरचे शेजारी

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं दार फार लांब नाही. तिथून कान्हेरीची लेणी मात्र सहा-सात किलोमीटर आत. मे महिन्यात जा. आई म्हणेल, "एवढ्या उन्हात कशाला?" तर एक गंमत बघायला!

लेण्यांच्या आसपास कातळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. आणि हातभर अंतरावर करवंदाची जाळी हिरवीगार, काळ्याभोर करवंदांनी लगडलेली! (ती तोडायची नाहीत हं, पाखरांची आहेत.) इथं पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, पण पुढचे सात-आठ महिने जवळजवळ थेंब नाही. म्हणून तर इथल्या भिक्षूंनी लेण्यांच्या दाराशीच खडकात पाण्याच्या टाक्या खोदल्या. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. मग करवंदाची पोढी कुठं?

खाली! गवताची मुळं वरच्या वीतभर मातीत पसरतात. पडेल ते पाणी पटकन प्यायचं, बी टाकायचं आणि वाळून जायचं, असा त्याचा खाक्या. झुडपाची मुळं भेगांतून खोल उतरतात आणि तिथली ओल पुरवून पुरवून वापरतात. घर एकच, बिऱ्हाडं दोन, पण माठ वेगवेगळे.

याहून नवलाची गोष्ट आफ्रिकेतली. सेनेगल देशातले शेतकरी आपल्यासारखीच बाजरी पिकवतात. बाजरी म्हणजे गवताच्याच कुळातली, बरं का! त्यांच्या शेतात गिएरा नावाची रानझुडपं उगवतात. पेरणीआधी ती छाटून जाळायची, अशी तिथली रीत. शास्त्रज्ञांनी काही झुडपं राखली, शेजारी बाजरी लावली आणि मुद्दाम पाणी तोडलं. तरी झुडपाजवळची बाजरी जास्त जोमानं वाढली!

कशी? दिवसा पानं पाणी वर ओढतात. रात्री पानांची छिद्रं मिटतात, ओढ थांबते. वरची माती कोरडीठाक असते. वातीतून तेल चढावं तसं खालचं पाणी झुडपाच्या मुळांतून वर येतं आणि त्या मातीत झिरपतं. तिथंच बाजरीची मुळं असतात. खात्रीसाठी झुडपाच्या खोल मुळांना खुणेचं पाणी पाजलं, म्हणजे ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो असं. तेच पाणी बाजरीत सापडलं! हा शोध २०१८ साली प्रसिद्ध झाला.

आता जुलैत पुन्हा कान्हेरीला जा. तेच गवत हिरवंगार होऊन करवंदाला खेटलेलं दिसेल. फक्त सोमवार टाळा, उद्यान बंद असतं.