हलणारा आकडा आणि झाकलेला दोष

वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर साखरेची पिशवी ठेवली की आकडे क्षणभर नाचतात आणि मग एका जागी बसतात. त्यांना बसवतो तो काट्यातला फिल्टर. एकामागून एक घेतलेल्या मापांची तो सरासरी काढत असतो. त्यात कोणाचं काही बिघडत नाही, कारण तेवढ्या वेळात साखरेचं वजन बदलत नसतं. कारखान्यातला दाब, तापमान किंवा प्रवाह मात्र सतत बदलतो, आणि तो बदल वेळेवर कळावा म्हणूनच पीएलसी, ट्रान्समीटर, केबल असा सगळा पसारा मांडलेला असतो. तरीही पडद्यावरचा आकडा स्थिर म्हणजे माप बरोबर, ही समजूत कंट्रोल रूममध्येही पक्की आहे. रीडिंग हलू लागलं की कारण शोधण्याआधी फिल्टर वाढवला जातो. हा क्रम उलटा आहे, आणि तो धोक्याचाही आहे.

ट्रान्समीटर मोजलेल्या राशीचं रूपांतर ४ ते २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाहात करतो. शून्य मापालाही ४ मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे तार तुटली तर ते लगेच कळतं. ० ते १० बारच्या ट्रान्समीटरमध्ये एका बारला १.६ मिलिअँपिअर येतात, म्हणजे ०.०८ मिलिअँपिअरची ढवळाढवळ झाली तरी दाब ०.०५ बारने हललेला दिसतो. ही ढवळाढवळ ड्राइव्हची पॉवर केबल आणि सिग्नलची केबल एकाच ट्रेमधून नेल्यामुळे होते, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केल्यामुळे होते किंवा एखादं टर्मिनल सैल राहिल्यामुळेही होते. कधी ती अगदी खरी असते : पंपाच्या ठोक्यांनी दाब खरोखरच थरथरतो, बॉयलरच्या ड्रममधलं पाणी खरोखरच उसळतं. फिल्टर योग्य ठरतो तो या शेवटच्या बाबतीत. बाकीचे दोष तो फक्त झाकतो, आणि सैल टर्मिनल झाकलं गेलं की ते आणखी सैल होत राहतं.

आता थोडं तांत्रिक, कारण सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. प्रोग्रॅममध्ये लिहिलेला फिल्टर हवा तेवढा वाढवता येतो, मग केबलची कटकट कशाला, असं चांगले जाणते अभियंतेही म्हणतात. पण प्रोग्रॅमच्या हाती सलग सिग्नल येतच नाही. ठरावीक अंतराने घेतलेले नमुने येतात. आपल्या ग्रीडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखायची असते. समजा आत्ता ती ४९.९५ आहे आणि पीएलसी दर १०० मिलिसेकंदांनी सिग्नल वाचतो. दोन वाचनांमध्ये विजेच्या ४.९९५ लाटा सरतात, म्हणजे प्रत्येक वाचन लाटेच्या जवळजवळ त्याच जागी, किंचित सरकून पडतं. अशी २०० वाचनं झाली की एक फेरी पूर्ण होते. पडद्यावर २० सेकंदांची संथ लाट उमटते आणि दाबच वरखाली होतोय असं वाटतं. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसाच हा प्रकार. यावर प्रोग्रॅममधून ५ सेकंदांचा फिल्टर लावला तरी निम्म्याहून अधिक लाट शिल्लक राहते, कारण ती आता खऱ्या बदलाइतकीच संथ झालेली असते. नमुने घेऊन झाल्यावर खरं काय आणि खोटं काय, हे कोणताही फिल्टर वेगळं करू शकत नाही. हॅरी नायक्विस्टचं १९२८चं आणि क्लॉड शॅननचं १९४९चं काम आपल्या अभ्यासक्रमात आहे. पॅनेलसमोर उभं राहिल्यावर ते आठवत नाही याचं वाईट वाटतं. इलाज नमुना घेण्याआधीच व्हायला हवा. पीएलसीच्या इनपुट कार्डाने सिग्नल नेमका २० मिलिसेकंद साठवून मोजला, तर ५० हर्ट्झची पूर्ण लाट त्यात मावते आणि तिची बेरीज शून्य होते. तेच सेटिंग ६० हर्ट्झवर राहिलं, तर सुमारे पाचवा हिस्सा आत शिरतो.

प्रक्रिया मुळातच संथ आहे, पाच सेकंदांनी काय बिघडतं, असा आक्षेप येतो. पाच सेकंद कधीच एकटे नसतात. ट्रान्समीटरमध्ये २ सेकंदांचं डॅम्पिंग, कार्डात १ सेकंदाचा फिल्टर आणि प्रोग्रॅममध्ये ५ सेकंदांचा, असे तिघांनी आपापल्या वेळी लावलेले असतात. तापमान सेकंदाला २ अंशांनी सतत चढत असेल, तर पडदा १६ अंश मागे असतो. ट्रिप १८० अंशांवर ठेवलेली असली, तरी ती प्रत्यक्षात १९६ला बसते. शिवाय पीआयडी लूपला हा उशीर सहन होत नाही. तो हंटिंग करू लागतो आणि दोष व्हॉल्व्हवर येतो.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : उत्पादन थांबवून केबल शोधत कोण बसणार? बॅटरीवर चालणारा कॅलिब्रेटर घेऊन आधी कार्डाच्या टर्मिनलवर १२ मिलिअँपिअर द्यावेत आणि मग तेच फील्डमधल्या जंक्शन बॉक्सवरून द्यावेत. कार्डावर आकडा स्थिर आणि बॉक्सवरून हलता, तर दोष मधल्या केबलमध्ये आहे. दोन्हीकडून स्थिर, तर ट्रान्समीटरकडे किंवा खुद्द प्रक्रियेकडे पाहायचं. लूप मॅन्युअलवर घेऊन, त्यावरचा इंटरलॉक परवानगीने बायपास करून हे होतं; त्यासाठी कारखाना थांबवावा लागत नाही. ऑपरेटरला सारख्या वाजणाऱ्या अलार्मचा त्रास होतो हे खरं आहे, पण त्यासाठी अलार्मला डेडबँड आणि विलंब द्यावा. ट्रिप आणि नियंत्रणाकडे जाणारा सिग्नल त्यासाठी संथ करू नये.

कारखान्यात काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. प्रत्येक ॲनालॉग इनपुटच्या लूप शीटवर ट्रान्समीटरचं डॅम्पिंग, कार्डाचं सेटिंग आणि प्रोग्रॅममधला फिल्टर हे तिन्ही आकडे एकाच ओळीत लिहा, आणि त्यांपुढे बदल करणाऱ्याची सही आणि तारीख घ्या.