इंजिन नंबर

माझा धंदा सर्व्हेअरचा. जमिनी मोजणारा सर्व्हेअर नव्हे. अपघात झालेल्या गाड्या बघून विमा कंपनीला रिपोर्ट देणारा. बावीस वर्षं हेच करतोय. चेपलेलं बॉनेट, फुटलेली काच, आत कुणाची तरी एक चप्पल, हे सगळं नंतर. आधी चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ट्रेस घ्यायचा. मग वाकून, चिंध्यांनी ऑइल पुसून, टॉर्च मारून इंजिन नंबर वाचायचा. दोन्ही नंबर आरसीशी जुळले तर पुढचं बोलायचं. इंजिन नंबर जुळला नाही की गाडीमालकाचा चेहरा कसा पडतो, ते मी अनेकदा पाहिलंय. त्यातले निम्मे तरी खरोखर निष्पाप असतात. मिस्त्रीनं बदललं, यांनी पैसे दिले, कागदाचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यांच्या फायलीवर प्रतिकूल शेरा लिहिताना माझा हात कधी थरथरला नाही, हेही सांगून टाकतो.

तर 2022 साली मी आमच्या घरच्या जीपचं इंजिन बदललं. अजाणतेपणी नाही. सगळं माहीत असताना.

जीप म्हणजे महिंद्रा एमएम 540, मार्च 1989 ची. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हा मी सातवीत होतो. पाटणच्या पुढं आमचं गाव. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना वडाप म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो : सात-आठ माणसांच्या जीपमध्ये पंधरा-सोळा बसवायची, दोन मागच्या फळीवर उभी करायची आणि एसटीच्या आधी निघायचं. आण्णा पाटण ते हेळवाक वडाप मारायचे, बाजाराच्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून थेट चिपळूण. गाडी खाजगी पासिंगची. म्हणजे सगळंच बेकायदा. समोरून येणाऱ्या जीपवाल्यानं हात गोल फिरवून खूण केली की पुढं चेकिंग आहे हे ओळखून आण्णा आंब्याखाली गाडी लावायचे आणि पॅसेंजरला म्हणायचे, ‘‘चला, जरा पाय मोकळं करा.’’ माणसं अर्धा मैल चालत जायची, मग रिकामी जीप जाऊन त्यांना पुन्हा उचलायची. त्या पैशातून माझं डिप्लोमाचं शिक्षण झालं. बेकायदा इंजिन टाकलेल्या गाड्या पकडायला मी जिथं शिकलो, त्या शिक्षणाची फी बेकायदा वडापनं भरली. याच्यावर मी फार विचार करत नाही.

या जीपला प्युजोचं डिझेल इंजिन. फ्रेंच कंपनीच्या परवान्यानं महिंद्रा ते इथंच बनवत असे. चार सिलिंडर, 2112 सीसी, कागदावर 62 हॉर्सपॉवर. चांगलं इंजिन, गरीब इंजिन. पण भरलेल्या गाडीनं पोफळीहून घाट चढायला लागलं की त्याचा जीव निघायचा. तिसरा गिअर वळणाला सोडायचा, दुसऱ्यात गाडी नुसती रडायची, टेम्परेचरचा काटा वर सरकायचा. एका ठरावीक वळणावर आण्णा चार-पाच गड्यांना उतरवायचे. ती माणसं काही न बोलता उतरून जीपच्या मागं चालायची आणि वर जाऊन पुन्हा बसायची. मला तेव्हा याची भयंकर लाज वाटायची. आपली गाडी चढत नाही म्हणून तिकीट दिलेली माणसं चालतायत! आण्णांनाही वाटत असणार. कारण नंतर कितीतरी वर्षं, वडाप बंद झाल्यावर, मुलंबाळं मार्गी लागल्यावरही, टीव्हीवर गाडीची जाहिरात लागली की ते म्हणायचे, ‘‘आपल्या जीपला आसलं एक टर्बो पायजे व्हतं.’’

ही इच्छा त्यांची होती, हे मुद्दाम नोंदवतो. नाहीतर पोरानं बापाच्या आठवणीची वाट लावली असं कुणाला वाटायचं.

इंजिन मिळालं ते एका भंगारात निघालेल्या बोलेरोचं, 2523 सीसी, डायरेक्ट इंजेक्शन, टर्बो. त्या गाडीचा सर्व्हे मी केला नव्हता, एवढं सोवळं पाळलं. गंमत बघा, याची हॉर्सपॉवर 63. म्हणजे एकच घोडा जास्त. कागद बघणारा म्हणेल, एवढ्यासाठी लाखभर रुपये कोण घालवील? पण घाटात घोडे मोजून उपयोग नसतो, टॉर्क मोजावा लागतो. प्युजोचा टॉर्क साधारण 120 न्यूटन-मीटर, याचा 180 च्या आसपास, आणि तोही इंजिन जेमतेम पंधराशे फेरे फिरत असताना. जाणकार माझा दृष्टान्त हाणून पाडतील, तरी देतो : दिवसभरात किती पोती वाहिली ती हॉर्सपॉवर, एका वेळी खांद्यावर केवढं पोतं पेललं तो टॉर्क. दोघंही हमाल दिवसाला साठच पोती टाकतात. पण एक जण धावत धावत लहान पोती नेतो आणि दुसरा सावकाश चालत मोठी.

हे जमतं कशामुळं, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूनं एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबायची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. फुकट जाणाऱ्या धुरातून काम काढून घेण्याची ही कल्पना आमच्या आण्णांना इतकी आवडली की ती ते कीर्तनकारासारखी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ‘‘वाया जाणारा धूर, बरं का!’’

काम कराडला केलं. मिस्त्री माझ्या ओळखीचा, हात सोन्याचा. इंजिन बसवणं म्हणजे जुनं उचललं आणि नवं ठेवलं, असं नसतं. माउंटिंगचे ब्रॅकेट कापून नव्यानं वेल्डिंग करावे लागले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे बोल्ट एकमेकांसमोर येत नव्हते, म्हणून मधली ॲडाप्टर प्लेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून आणली. ती पहिल्यांदा किंचित तिरकी निघाली. गाडी चालू केली तर क्लच सोडताना अख्खी जीप थडथडायची. पुन्हा सगळं उतरवलं. रेडिएटर मोठा घेतला. टर्बोला ऑइल नेणारी नळी आणि परत आणणारी नळी, एअर फिल्टरची नवी जागा, सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला घासतोय म्हणून त्याला दिलेला बाक, असं करत करत तीन आठवड्यांचं काम अडीच महिन्यांवर गेलं. खर्च एक लाख तीस हजार. जुनं प्युजो आम्ही गोठ्यात नेऊन ठेवलं, पोत्यानं झाकून.

ब्रेक? ब्रेक तेच होते, चारी चाकांना ड्रम. नवीन लायनर टाकले. चांगले लागत होते. मी तपासले होते.

सपाटीला गाडी पूर्वीपेक्षा काही फार पळत नव्हती, पण घाटात! पोफळीहून निघालो आणि आण्णांच्या त्या वळणाला जीप तिसऱ्या गिअरमध्ये, कुरकुर न करता, वर गेली. आण्णा शेजारी बसले होते. त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. नंतर वर्षभर काही ना काही निमित्त काढून आम्ही चिपळूणला जायचो. सुकी मासळी आणायला डिझेलवर हजार रुपये घालवणारं आमचं एकमेव घर असावं.

2023 च्या ऑक्टोबरात असंच निघालो. मी चालवत होतो, आण्णा शेजारी, मागे माझी भाची आणि तिचं सामान. तिला चिपळूणला गाडीत बसवून द्यायचं होतं. घाट उतरू लागलो. मी तिसऱ्यात होतो.

इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आण्णांनी मला गाडी शिकवताना एकच नियम दिला होता : ज्या गिअरला चढतो, त्याच गिअरला उतरायचं. हा काही त्यांचा शोध नव्हे, घाटातला प्रत्येक ड्रायव्हर हेच सांगतो. मी तो नियम पाळत होतो. गाडी आता तिसऱ्यात चढते, म्हणून तिसऱ्यात उतरत होतो. नियमातलं अक्षरही मोडलं नव्हतं. पण तो नियम अशक्त इंजिनाच्या गाडीवर तयार झालेला. प्युजो दुसऱ्यात चढायचं, म्हणून आम्ही दुसऱ्यात उतरायचो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना धरून ठेवायचं आणि ब्रेकवर भार यायचा नाही. गाडीचा अशक्तपणा आम्हाला उतारावर सांभाळत होता, हे तीस वर्षांत कधी लक्षात आलं नाही. टर्बोनं चढाचं बळ वाढवलं. उताराला त्यानं काहीच दिलं नाही. तिसऱ्यात गाडीला धरून ठेवायला कुणी नव्हतं, मी दर वळणाला ब्रेकवर पाय देत होतो, आणि ड्रम तापत होते.

आधी वास आला. लायनर जळल्याचा, मला धंद्यामुळे चांगला माहीत असलेला वास. तरी पहिल्यांदा वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. तापलेला ड्रम फुगतो, आतल्या शूपासून लांब जातो, आणि पोचला तरी लायनर धरत नाही. पुढच्या वळणावर एसटी उभी होती. बाजूला घेतलेली नव्हती, रस्त्यातच, मागं दोन बायका उतरून उलटी करत होत्या. मी पेडल पूर्ण दाबलं. गाडी हळू झाली, पण थांबेना.

आण्णा ओरडले नाहीत. ‘‘किलच दाब,’’ म्हणाले. मी दाबला. त्यांनी उजव्या हातानं गिअरचा दांडा धरला आणि सरळ दुसऱ्यात ओढला. ‘‘सोड.’’ इंजिन असं किंचाळलं की मला वाटलं फुटलं. आम्ही सगळे पुढं फेकलो गेलो. मी हँडब्रेक खेचला. एसटीच्या मागच्या बंपरपासून थांबलो तेव्हा मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर होतं. त्या दोन बायका आमच्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा वाकली.

तासभर बाजूला उभे राहिलो. भाची रडून मोकळी झाली. आण्णा दगडावर बसून तंबाखू मळत होते. मी मात्र मनातल्या मनात माझाच रिपोर्ट लिहीत होतो. इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, उत्पादकानं दिलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल. वाक्यं पाठच आहेत. आणि आरसीवर नाव आण्णांचं. त्या बायकांना काही झालं असतं, तर नुकसानभरपाईसाठी 77 वर्षांच्या माणसाची दोन एकर जमीन धरली गेली असती. ब्रेकची चूक माझी. कागदाची चूकही माझी.

संध्याकाळी घरी आल्यावर म्हणालो, जुनं इंजिन परत बसवू या. आण्णांनी ताटातून मान वर केली नाही. ‘‘इंजनाचा काय दोष हाय त्यात? तू सेकंडात का नाय उतरलास?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बरोबरच होते. पुढं डिस्क ब्रेक बसवले असते, गिअरची सवय बदलली असती, तर गाडी सुरक्षित झाली असती. मिस्त्रीनं तसा खर्चही काढून दिला होता. पण मार्च 2024 ला नोंदणीचं नूतनीकरण होतं. खाजगी गाडीची पहिली पंधरा वर्षं संपली की दर पाच वर्षांनी हे करावं लागतं, आणि तिथं गाडी तपासून इंजिन नंबर बघतात. मिस्त्रीला विचारलं. तो हसला. ‘‘सायेब, तुम्ही कशाला काळजी करताय? घासून जुना नंबर मारून देतो की. तुमच्यासारख्यालासुद्धा कळणार नाय.’’

खरंच कळलं नसतं. त्याचं काम मी पाहिलेलं आहे. मी दोन दिवस विचार केला, आणि तो पूर्ण दोन दिवस केला, हे लपवत नाही. आण्णांचं मत होतं मारून घ्यावा. ‘‘सगळी जलमभर कागदाला भिऊन बसलो आस्तो तर तू शिकला नसतास.’’ हेही बरोबरच. पण बावीस वर्षं ज्या घासलेल्या जागेवर बोट ठेवून मी लोकांना विचारत आलो की हे काय आहे, ती जागा स्वतःच्या बापाच्या जीपवर करून घ्यायला मन धजेना. तत्त्व वगैरे मोठा शब्द झाला. मला फक्त ते बोट आठवत राहिलं.

प्युजो गोठ्यातून काढलं. लायनर-पिस्टन नवे टाकले, नोझल तपासून घेतले. आणखी साठ हजार. आण्णा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तपासणीला गाडी नेली तेव्हा साहेबांनी वाकून नंबर वाचला, कागदाशी ताडला आणि सही केली. तीन मिनिटं लागली असतील.

मे महिन्यात पुन्हा चिपळूणला गेलो, दोघंच. येताना घाट लागला. दुसरा गिअर, वर सरकणारा काटा, जुनं रडणं. ते वळण आल्यावर आण्णा म्हणाले, ‘‘थांबव.’’ मला वाटलं लघवीला. ते उतरले, मागं हात बांधले आणि चालायला लागले. ‘‘तू हो म्होरं. वजान कमी करतो.’’

वर जाऊन बॉनेट उघडून थांबलो. दहा-बारा मिनिटांनी ते आले. बसले. पाणी प्यायले.

‘‘त्या टर्बोला गिऱ्हाईक आलंय म्हनला व्हतास?’’

‘‘हो. पस्तीस हजार म्हणतोय.’’

‘‘दिऊ नगो,’’ आण्णा म्हणाले. ‘‘ऱ्हाऊ दे गोठ्यात.’’