बिर्केनाऊच्या बराकीतील दोन स्त्रिया

क्राकूव्हहून बस निघाली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. अँटवर्पला धाकट्या दिरांकडे महिनाभराचा मुक्काम आटोपून आम्ही पोलंडला आलो होतो. "मनाला त्रास देणारे ते कशाला पाहायचे?" असे म्हणत म्हणत सासूबाईही बरोबर निघाल्या. दीड तासाने ओश्फियेंचिम आले. जर्मनांनी या गावाला दिलेल्या आउशविट्झ या नावानेच जग त्याला ओळखते. येथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांत जवळजवळ १० लाख ज्यू होते.

पहिल्या छावणीतील पादत्राणांचे व पेट्यांचे ढीग वाचकांनी छायाचित्रांत पाहिले असतील, म्हणून त्यांविषयी लिहीत नाही. माझे मन अडकले ते तीन किलोमीटरवरील बिर्केनाऊत, स्त्रियांच्या लाकडी बराकीत. तीन मजली फळ्या आणि मधोमध, लांबीभर गेलेला विटांचा बुटका कट्टा. ही ऊब देण्यासाठी बांधलेली धुराची नळी. शेगडी मात्र क्वचितच पेटे. अशाच कट्ट्यावर स्तानिस्वावा लेश्चिन्स्का बाळंतपणे करीत असे.

ती वूच शहरातील सुईण. १९४३ मध्ये कैदी म्हणून येथे आली आणि दोन वर्षांत तिने सुमारे ३००० प्रसूती केल्या. औषध नाही, स्वच्छ पाणी नाही. भाकरीचा तुकडा हेच तेथील नाणे. बाळंतीण होणारी स्त्री कित्येक दिवस आपली भाकरी राखून तिच्या मोबदल्यात एक चादर मिळवी, कारण ती फाडून बाळाची दुपटी व्हायची. नवजात मुलांना मारण्याची आज्ञा झाली तेव्हा लेश्चिन्स्काने ती साफ नाकारली. मग ते काम दुसऱ्याच कैदी स्त्रीने केले. पिंपातल्या पाण्यात मुले बुडवली गेली. उरलेल्यांपैकी बहुतेक भुकेने गेली.

त्याच छावणीत १९४४ मध्ये सिगेत गावची ज्यू स्त्रीरोगतज्ज्ञ गिझेला पर्ल आली. गरोदर स्त्रियांची नावे कळवा, त्यांना चांगले अन्न मिळेल, असे तिला सांगण्यात आले होते. त्या स्त्रियांचे खरोखर काय होते हे तिने डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसापासून रात्री अंधारात, हत्याराविना, नुसत्या हातांनी ती गर्भपात करू लागली. पोटातले मूल कोणत्याही परिस्थितीत जगणार नव्हते. आई तेवढी वाचू शकत होती.

पाठशाळेत शिकलेल्या हिंसा-अहिंसेच्या व्याख्या मला त्या कट्ट्यापाशी आठवल्या, आणि खरे सांगायचे तर प्रथम मी मनातल्या मनात लेश्चिन्स्काला वरचे आसन दिले. बसमध्ये बसल्यावर त्या तुलनेतली चूक ध्यानात आली. पोलिश बाईला केवळ गरोदर आहे म्हणून वायुकोठडीत पाठवीत नसत. ज्यू बाईला पाठवीत. एकीच्या नकाराची किंमत तिच्या स्वतःच्या जिवावर होती. दुसरीने नकार दिला असता तर ती किंमत समोरच्या आईने मोजली असती. दोघींना एकाच तागडीत घालणारी मी कोण?

हे सारे सासूबाईंना मराठीत समजावून सांगितले. त्या व्रतनेम कडक पाळणाऱ्या. काही कठोर बोलतील अशी भीती होती. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"त्या डॉक्टरीणबाईचे पुढे काय झाले?"

युद्धानंतर तिला समजले की पती आणि मुलगा दोघेही गेले. तिने जीव देण्याचाही प्रयत्न केला. पुढे अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात ती पुन्हा बाळंतपणेच करू लागली. १९४८ मध्ये आपल्या आठवणीही छापल्या, आपण काय केले ते न लपवता.

"आणखी मूलबाळ नव्हते तिला?"

"एक मुलगी होती, आई. दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाने लपवून ठेवली होती."

"वाचली का?"

"वाचली."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि हातातली जपमाळ पुन्हा पिशवीत ठेवली.