न पेटणारा वायू

सिलेंडरमध्ये दाबून भरलेला वायू पेटत नाही, म्हणून तो निर्धोक ठरत नाही. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, आरगॉन, हेलियम आणि ऑक्सिजन हे स्वतः जळत नाहीत. पहिला धोका दाबाचा. रुग्णालयातल्या जंबो सिलेंडरमध्ये ऑक्सिजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाबाने भरलेला असतो; मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या साठ-सत्तर पट. दुसरा धोका वायूच्या गुणाचा. ऑक्सिजन आजूबाजूच्या वस्तू भडकवतो. बाकीचे चार बंद खोलीत श्वासाची हवाच हटवतात.

आताच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात २०२१ पर्यंत ही माहिती वेल्डिंगची दुकाने आणि ऑपरेशन थिएटर यांच्यापलीकडे फारशी गेलेली नव्हती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सिलेंडरला कधी हात न लावलेली माणसे ते वाहू लागली. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रणेत फेरफार करून हवेतून ऑक्सिजन वेगळा काढला, त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण सिलेंडर गाडीतून उतरवणाऱ्यांची विचारपूस झाली नाही. प्रस्तुत लेखक त्या उन्हाळ्यात एका रुग्णालयाच्या आवारात येणाऱ्या-जाणाऱ्या सिलेंडरची नोंद ठेवत होता. पुढचे बरेचसे तिथे पाहिलेले आहे.

भरलेल्या जंबोचे वजन साठ किलोच्या वर जाते. तो हलवायची रीत ठरलेली आहे: साखळीच्या ट्रॉलीवर बांधावा, किंवा किंचित कलता धरून बुडाच्या कडेवर फिरवत न्यावा. आडवा लोटू नये, व्हॉल्व्हला धरून उचलू नये. व्हॉल्व्ह पितळेचा असतो आणि त्यावर लोखंडी टोपी चढवूनच सिलेंडर गाडीत घालायचा असतो, कारण व्हॉल्व्ह मोडला तर सुटलेल्या वायूच्या रेट्याने सिलेंडर भिंत फोडून जाऊ शकतो. आवारात मात्र सिलेंडर टोप्यांविनाच येत. भरणाकेंद्रावर टोप्या काढून गोणीत टाकत, ती गोणी तिथेच राही. गाडीच्या फाळक्याखाली जुना टायर टाकायचा आणि सिलेंडर त्यावर सोडायचा, ही उतरवण्याची पद्धत.

एका रात्री टायर सरकला. सिलेंडर फरशीवर मानेवर आपटला, व्हॉल्व्ह वाकला आणि शिट्टीसारखा आवाज करत वायू सुटला. उतरवणारा हमाल स्लिपर घालून होता. त्याने पळून न जाता सिलेंडरवर गुडघा दाबून चावी फिरवली आणि वायू बंद केला. असे करू नये. माणसे लांब न्यावीत, हे नियमाने बरोबर आहे. पण त्याला नियम सांगितला कोणी होता? हजेरीच्या दिवशी ठेकेदाराने व्हॉल्व्हचे पैसे त्याच्या मजुरीतून कापले. टोपी भरणाकेंद्राने काढली, ट्रॉली रुग्णालयाने दिली नाही, हातमोजे ठेकेदाराने दिले नाहीत, आणि भरपाई मात्र हमालाची. विनंती केली, अर्ज दिला. पैसे परत मिळाले नाहीत. सुरक्षेचे फलक भिंतीवर लावणाऱ्यांनी आधी हजेरीपट पाहावा. ज्याच्या हातात सिलेंडर आहे त्याला दिलेले अर्ध्या तासाचे शिक्षण शंभर फलकांपेक्षा कामाचे.

टोप्या काढणे हा शुद्ध हलगर्जीपणा, असे म्हणावेसे वाटते. पण जंबोत सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो; ६० लिटर ओढणाऱ्या यंत्राला दोन तासही नाही. वर वॉर्डातून हाका येत असताना टोपीचे आटे फिरवत बसणारा माणूस निर्दयच वाटला असता. त्या रात्रींपुरता तो हलगर्जीपणा म्हणवत नाही.

गळती म्हणजे आगच, असेही नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून द्रवरूप ऑक्सिजन गळला, दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. तिथे काही पेटले नव्हते.

व्हॉल्व्ह हळू उघडावा. झटक्याने उघडल्यास रेग्युलेटरमध्ये वायू एकदम दाबला जाऊन तापतो, आणि तिथे तेल किंवा ग्रीसचा अंश असला तर भडका उडतो. म्हणून ऑक्सिजनच्या आट्यांना तेल कधीच लावायचे नाही. त्या काळात हात सतत सॅनिटायझरने ओले असत. तोही ज्वलनशील, हात सुकवूनच चावी धरायला हवी होती.

साठवण सावलीत, हवेशीर जागी, उभी आणि साखळीने बांधलेली असावी. १५ अंशांना १५० असलेला दाब पत्रा तापून सिलेंडर ६० अंशांवर गेला की १७०च्या पुढे सरकतो. धड सिलेंडर तो सोसतो. गंजलेल्याची खात्री नाही. भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवावेत. नुसत्या रंगावर विसंबू नये: वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलेंडर काळा आणि खांदा पांढरा असतो, पण २०२१ मध्ये नायट्रोजन व आरगॉनचे सिलेंडरही शुद्ध करून ऑक्सिजनसाठी वापरायला परवानगी मिळाली होती. लेबल वाचावे.

कार्बन डायऑक्साइड सिलेंडरमध्ये द्रवरूपात असतो, म्हणून किती उरला हे दाबाचा काटा सांगत नाही. वजन करावे लागते. सोडावाल्यांना हे ठाऊक असते. ३१ अंशांच्या वर मात्र तो द्रव राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडीवर उघडा ठेवलेला सिलेंडर म्हणूनच धोक्याचा. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत ठेवतात तो द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. त्याच्या एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, त्यामुळे भांड्याचे झाकण घट्ट बसवू नये आणि भांडे बंद गाडीत नेऊ नये. नायट्रोजनला वास नसतो. हवा कमी पडल्याचे कळायच्या आत माणूस कोसळतो.

सिलेंडर पूर्ण रिकामा करू नये. थोडा दाब ठेवून व्हॉल्व्ह बंद करावा, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. ऑक्सिजन-नायट्रोजनच्या सिलेंडरची पाच वर्षांनी पाण्याच्या दाबावर चाचणी होते आणि तिची तारीख खांद्यावर ठोकलेली असते. तारीख उलटलेला सिलेंडर भरू नये. गॅस सिलेंडर नियम, २०१६ यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे (पेसो) मुख्यालय नागपुरातच आहे.