वाचणारा एक, ऐकणारे चार

मुलांसाठी गोष्ट लिहायला बसलो की माझ्यापुढे वाचक कधी एकटा येत नाही. त्याच्या शेजारी कुणीतरी ऐकायला बसलेलं असतंच. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी संध्याकाळी ओट्यावर मी मोठ्यानं वाचायचो आणि आजी वाती वळत ऐकायची. तिला अक्षरओळख नव्हती. पुस्तकातली मराठीही तिच्या अहिराणीपासून लांबचीच. तरी ती एखाद्या शब्दासाठी कधी अडली नाही. मी धापा टाकत लांबलचक वाक्य संपवलं की मात्र विचारायची, "मंग काय व्हयनं रे भाऊ?" मधलं सगळं हवेतच विरलेलं असायचं.

ते पुस्तक पुष्कळदा 'श्यामची आई' असे. ते लिहिण्याआधी साने गुरुजींनी ऐकणाऱ्यांचा किती सहवास घेतला होता, हे मला फार पुढे कळलं. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं लिहून रोज 'छात्रालय' दैनिक काढत. वाचक त्याच छपराखाली. मजकूर रटाळ झाला तर जेवणाच्या पंगतीतच कळणार! १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार. समोर कैदी बसलेले, आणि गुरुजी ते बोलणं टिपून घेत. 'गीता प्रवचने' वाचताना आजही विनोबा समोर बसून बोलताहेत असं वाटतं. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम सांगतो, आश्रमातले मित्र ऐकतात. आईच्या मायेबद्दल आपण भरभरून बोलतो; मला मात्र पुस्तकाचं निम्मं बळ त्या बैठकीत दिसतं. ऐकणारे गुरुजींनी पुस्तकातच आणून बसवले.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ती पुस्तकात आली. कानासाठी रचलेलं किती टिकतं, हे खान्देशाला कुणी वेगळं सांगायला नको.

म्हणून मी काही गोष्टी कटाक्षानं पाळतो. अवतरणचिन्ह कानाला ऐकू येत नाही, तेव्हा कोण बोलतंय ते बोलण्याआधी सांगतो. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, त्यामुळे एखादं पात्र बऱ्याच वेळानं परतलं तर नुसत्या नावावर त्याची ओळख सोपवत नाही. शिरपूर-साक्रीकडच्या कितीतरी घरांत आजही शाळेत जाणारं पोर हेच घरातलं पहिलं वाचणारं माणूस असतं. सध्याच्या गोष्टीत पहिल्या पानावरचा गुराखी थेट शेवटाकडे परत येतो. काल त्याच्या हातात पुन्हा ती घुंगरू बांधलेली काठी दिली; दिवसभर कापूस वेचून आलेल्या आईला, पोरगं कुणाबद्दल वाचतंय ते विचारावं लागू नये.