नाईक यशवंत घाडगे यांचे स्मरण

नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील जवान. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी, इटलीतील तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले. तेव्हा ते 22 वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

त्यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी येथे झाला. त्यांची पलटण 1941 मध्ये आफ्रिकेत केरेनच्या डोंगरांत लढली होती. पुढे इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन उतरल्या. सुमारे 50,000 भारतीय जवान तेथे लढले आणि त्यांतील पाच हजारांहून अधिक कामी आले.

4 जून 1944 रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले, पण वाटेतल्या टेकड्या सहज सोडत नव्हते. प्रत्येक उंचवट्यावर मशीनगनचे मोर्चे होते आणि पायदळाला ते एकेक करून घ्यावे लागत होते.

अशाच एका मोर्चावर चढाई करताना घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. मागे कोणी उरले नाही, हे ठाऊक असूनही घाडगे टॉमी गनच्या फैरी झाडत पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. आणखी एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या घावांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला.

त्यांची कबर किंवा समाधी कोठेही नाही. कसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. इटलीत पडलेल्या आणि ज्यांच्या अंत्यस्थानाचा पत्ता नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे आहेत. जुलै 2023 मध्ये पेरुजा प्रांतातील मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. माणगावात तहसील कार्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे.

प्रस्तुत लेखक खानदेशातील धरणगावचा. माणगावला जाऊन त्याने हा पुतळा पाहिला. कार्यालयात कामासाठी येणारे लोक पुतळ्यासमोरून जात-येत होते. बावीस हे कॉलेज संपवून नोकरी शोधण्याचे वय. त्या वयाचा तालुक्यातला एक मुलगा हजारो मैलांवर पडला आणि घरच्यांना त्याचे अखेरचे दर्शनही झाले नाही, हा विचार तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या मनातून जात नाही. त्याचे अंत्यसंस्कार गावच्या मातीत झाले नाहीत, म्हणून त्याचे नाव तरी त्या मातीत उभे असणे फार मोलाचे वाटते.

धरणगावचा लष्करी इतिहासही जुना आहे. 1825 मध्ये जेम्स औट्रम याने उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचे ठाणे येथेच होते. मात्र गावाची ओळख आहे ती बालकवी ठोमरे यांच्यामुळे. 13 ऑगस्ट 1890 रोजी येथे जन्मलेले बालकवी 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेले. तेही वयाची तिशी न गाठताच. पण त्यांची कविता मागे राहिली आणि शाळेतल्या मुलांच्या तोंडी ती आजही आहे. शिपाई असे काही लिहून ठेवत नाही. त्याची आठवण इतरांनी राखली तरच राहते.

घाडगे यांना सर्वोच्च पदक मिळाले, म्हणून त्यांचे नाव टिकले. पदक न मिळालेल्या हजारोंच्या वाट्याला एवढेही आले नाही. अशांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही 1917 साली स्थापन झालेली संस्था ठेवते. नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही तेथे मिळते. ही नोंद सर्वांना खुली आहे. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या, पण त्यांवर बहुधा किती जण गेले आणि किती पडले एवढे आकडेच आहेत.

खानदेशातील ज्या घरांत लढाईवर गेलेल्या आजोबा-पणजोबांची जुनी पत्रे, पदके किंवा पेन्शनची कागदपत्रे असतील, त्यांनी ती जपावीत आणि नावे या नोंदींशी ताडून पाहावीत. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी आपल्या गावच्या जवानांची यादी करून ती नावानिशी फलकावर लावावी.